पाझरणारे पाणी आणि भूकंपमालिका

एकलहरे येथे विहीर खणताना मातीखाली जो काळा कातळ लागतो, त्याच जातीचा कातळ कोयनेच्या खोऱ्यातही आहे. लाव्हारस थिजून झालेला हा खडक अभेद्य भासतो. परंतु त्यास भेगा असतात, व त्यांतून पाणी फार खोलवर उतरते. कोयना धरणाचा जलाशय १९६१-६२ च्या सुमारास भरू लागला आणि लवकरच त्या परिसरात लहान धक्के जाणवू लागले. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली.

पाण्याच्या भाराने जमीन खचून भूकंप झाला, असे विद्यार्थी सहज सांगतात. हे उत्तर अपुरे आहे. भूगर्भातील ताण धरणापूर्वीपासूनच साठलेला असतो. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर घट्ट दाबलेले असल्यामुळे ते सरकत नाहीत. भेगेत शिरलेल्या पाण्याचा दाब वाढला, की तो त्यांना किंचित विलग करू पाहतो. पकड सैल होते आणि साठलेला ताण मोकळा होतो. शिक्षकांनी स्वतः गरम पाण्याने विसळलेला पेला ओल्या, गुळगुळीत फरशीवर उपडा ठेवून दाखवावा. आतील हवा तापून प्रसरण पावते, पेल्यास जरासे उचलते, आणि कोणी न ढकलता तो उतारावर सरकतो. शंभर वाक्यांचे काम हा पेला करतो.

हा दाब हळूहळू पसरतो. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ पासून एका खोल विहिरीत सांडपाणी दाबून भरले जात असे. धक्के बसू लागल्यावर १९६६ मध्ये ते बंद झाले, तरीही तेथील सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. कोयना परिसरातही पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर धक्के वाढलेले आढळतात.

एक मोठा धक्का न बसता लहान धक्क्यांची दीर्घ रांग लागते, तीस भूकंपमालिका म्हणतात. भूकवच ताणले जाऊन जेथे खचदऱ्या निर्माण होतात, तेथे उष्ण जल वा शिलारस भेगांतून सरकल्याने अशा मालिका वारंवार घडतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून अशी मालिका अनुभवास आली. मुरलेल्या पावसाच्या पाण्याचा तीत वाटा असावा, असे काही संशोधकांचे मत आहे.

अशा वेळी मुलांच्या मनात शेषाने मस्तक हलविल्याची कथा असते. तिची थट्टा करू नये. कथा ऐकून घ्यावी व मग पेला दाखवावा. मातीच्या भिंती व कपाटे यांपासून दूर होऊन डोके हातांनी झाकण्याचा सरावही त्याच तासास घ्यावा.