रिकाम्या काडतुसाचें पुनर्भरण

‘काडतूस’ हा शब्द मराठींत पोर्तुगीजांकडून आला. पूर्वीं काडतूस म्हणजे कागदांत गुंडाळलेली दारू व गोळी. बार उडतांच ती पुडी नष्ट होई. धातूची पुंगळी आल्यावर मात्र बारानंतर एक उपयुक्त अवशेष हातीं राहूं लागला. तो घरीं पुन्हां भरतां येईल कीं नाहीं, याचा निर्णय पुंगळीच्या बुडांतील छिद्रानें केला, असें आम्हांस वाटतें.

बुडाशीं केप बसविलेली असते. सुई आपटली कीं केपेंतील द्रव्य ऐरणीवर चिरडून पेट घेतें व ज्वाळा छिद्रावाटे दारूंत शिरते. इ. स. १८६६ त याच्या दोन रीती निघाल्या. अमेरिकेच्या हायरम बर्डननें ऐरण पुंगळींतच घडविली; त्यामुळें छिद्रें सामान्यतः दोन व तीं मध्य सोडून झालीं. इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सरनें ऐरण केपेंत ठेविली. छिद्र एकच व मध्यभागीं राहिलें. या छिद्रांतून सरळ सळई दाबली कीं जुनी केप गळून पडते. बर्डनच्या पुंगळींत तें साधत नाहीं. दैवगति अशी कीं, इंग्रजाची रीत अमेरिकेंत रुजली व अमेरिकनाची युरोपांत. अमेरिकेंत पुनर्भरणाचा छंद वाढला, त्याचें हें एक कारण होय.

त्या घरगुती कामाची मांडणी अशी : जखडून टाकलेलें जड मेज, त्यावर तरफेचा दाब, साचे आणि नाजूक तराजू. क्रमही ठरलेला. चिरलेल्या पुंगळ्या वेंचून टाकणें, साच्यांत आकार पूर्ववत् करणें व जुनी केप काढणें, नवी बसविणें, दारू तोलणें, शेवटीं गोळी बसविणें. तोल ग्रेनचा, ७००० ग्रेनांचा एक पौंड होतो.

एवढी सूक्ष्मता कां ? काळी दारू पुंगळी भरून घालीत. दुप्पट पडणें शक्य नसे. १८८४ त फ्रान्समध्यें पॉल व्येय यानें धूरविरहित दारू सिद्ध केली. ती थोडकी पुरते. म्हणून कित्येक पुंगळ्यांत ती दोनदां पडली तरी मावते, आणि बंदूक फुटून माणूस जायबंदी होतो. यास्तव मेजावर एका वेळीं एकाच जातीची दारू ठेवावी, व गोळी बसविण्यापूर्वीं प्रत्येक पुंगळींत दिव्यानें डोकावावें, असा दंडक आहे.

दारूखाना घराजवळ नसावा, दारूस सर्दी लागूं देऊं नये व ठराविक दिवसांनीं ऊन द्यावें, असें रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त सांगितलें आहे. त्यांतील सावधगिरीचें तत्त्व आजही लागू आहे. उन्हाची आज्ञा मात्र नव्या दारूस लागू नाहीं, कारण उष्णतेनें ती बिघडते.

भारतांत १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वयें परवान्याशिवाय काडतूस बनविण्यास मनाई आहे; तेव्हां वाचकांस हा विषय ज्ञानापुरताच. परंतु जुन्या छावणीच्या जागीं उडालेली पुंगळी सांपडल्यास, ती रिकामी असल्याची जाणत्याकडून खात्री करून, संशोधकांनीं आंतील छिद्रें अवश्य मोजावीं. तिची घडण कोणत्या रीतीची, याचा पुरावा तेथेंच मिळतो.