मोटारीचें नाक

कोल्हापुराहून पुण्याच्या मार्गानें निघालें म्हणजे पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर पुलाची शिरोली हें गांव व तेथील औद्योगिक वसाहत लागते. बिडाचें ओतकाम हा ह्या वसाहतीचा एक मोठा धंदा होय. एंजिनांचे ओतींव भाग येथून दूरदूरच्या कारखान्यांस जातात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील अगर भाऊ ह्याच कामांत असल्यामुळें, एंजिनाचा जळका धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळींत सोडणारा मॅनिफोल्ड त्यांस निराळा दाखवावयास नको. परंतु त्या मॅनिफोल्डाला अगर त्याच्या लगतच्या नळीला आटे पाडून अंगठ्याएवढी जी एक वस्तु बसविलेली असते, तिची ओळख फारच थोड्यांस असते. तिला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. आम्ही तिला मोटारीचें नाक म्हणतों. गाडीचा पिवळा दिवा लागला कीं पहिला संशय ह्या नाकावर जातो, तें बदलण्यास कांहीं हजार रुपये पडतात, आणि पुष्कळदां तोच दिवा आठ दिवसांनीं पुन्हां लागतो. असें कां होतें, व हें काम घरच्या घरीं करावयाचें तर कसें करावें, हें येथें सांगावयाचें आहे.

एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु वाढतो. अधिक झाली तर नायट्रोजनचीं ऑक्साइडें नाहींशीं करणें धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरास साधत नाहीं. म्हणून धुरांत प्राणवायु किती उरला हें क्षणोक्षणीं हुंगून एंजिनाच्या संगणकास कळवावें लागतें. हें काम झिर्कोनियाचें एक लहानसें टोपण करतें. फाउंड्रींत कोअरला झिरकॉनच्या पावडरीचा लेप देतांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांनीं हें त्याच पावडरीचें भावंड समजावें. दोहोंत झिर्कोनियम हा एकच धातु आहे. टोपणाच्या आंत बाहेरची स्वच्छ हवा, बाहेरच्या अंगास जळका धूर, व दोन्ही अंगांवर प्लॅटिनमचा पातळ थर अशी रचना असते. सुमारें ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलें म्हणजे ह्या टोपणांतून प्राणवायूचे विद्युद्भारित कण वाहूं लागतात, आणि दोन्ही बाजूंच्या प्राणवायूंत जितकें अंतर अधिक तितका विद्युद्दाब अधिक मिळतो. धुरांत प्राणवायु उरला असला तर तो ०.१ व्होल्टाच्या आसपास असतो, जवळजवळ नसलाच तर ०.९ च्या आसपास. ह्यामागील नियम वाल्थर नेर्न्स्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८९ सालीं मांडला होता. त्याचा उपयोग मोटारींत व्हावयास मात्र १९७६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं बॉश कंपनीचे सेन्सर स्वीडनच्या व्होल्व्हो मोटारींत बसले. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ चे नियम आल्यावर पेट्रोलवरील दुचाकींवरही हें नाक सर्रास दिसूं लागलें.

आतां मुख्य मुद्दा. सेन्सर हा निरोप्या आहे. त्याचा निरोप वाईट आला म्हणून निरोप्या खोटा ठरत नाहीं. मॅनिफोल्डाचें गॅस्केट फुटलें असलें तर त्या फटींतून बाहेरची हवा आंत ओढली जाते व नाकाला नसता प्राणवायु लागतो. एंजिनांत हवा नेणारी रबरी नळी चिरली अगर इंजेक्टर तुंबला, तरी तक्रार हीच. २०१९ च्या ऑगस्टांत व २०२१ च्या जुलैंत पंचगंगेच्या महापुरानें शिरोलीजवळचा महामार्ग बंद पडला होता. अशा पुराच्या पाण्यांत जी गाडी उभी राहिली, तिच्या तारांच्या कपलरमधील पिना पुढें गंजून हिरव्या पडूं शकतात, आणि मग सेन्सर निर्दोष असूनही त्याचा निरोप पोंचत नाहीं. इंधनाचीही गोष्ट अशीच. आमच्या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांस परिचित असलेलें इथेनॉल स्वतःच्या अंगांतच प्राणवायु बाळगतें. तें २० टक्के मिसळलेल्या पेट्रोलच्या एका ग्रॅमला सुमारें १३.५ ग्रॅम हवा पुरते. नाक हा फरक ओळखतें व पेट्रोल थोडें वाढवावयास सुचवितें. जुन्या गाडींत ही वाढ मर्यादेपलीकडे गेली तर दिवा लागूं शकतो. ‘आधीं सेन्सर बदलून तर पाहूं’ ही जी पद्धत रूढ झाली आहे, तिला आम्ही परीक्षा म्हणत नाहीं. ती केवळ खरेदी होय.

परीक्षा अवघड नाहीं. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस सोळा पिनांची जी खोबण असते, तींत जोडावयाचा साधा स्कॅनर हल्लीं स्वस्त मिळतो. त्यावर ‘पी ०१३५’ असा संकेत आला तर सेन्सर तापविणाऱ्या तारेच्या मंडलांत दोष आहे. फ्यूज व कपलर ठीक असून ती तार तुटलेली आढळली, तर सेन्सर खरोखरच गेला. ‘पी ०१७१’ आला तर मात्र मिश्रणांत हवा अधिक होत आहे असा तो निरोप आहे, आणि आधीं गळती शोधावी. एंजिन तापल्यावर कन्व्हर्टरच्या अलीकडील सेन्सरचा दाब ०.१ व ०.९ यांच्यामध्यें भराभर खालींवर झाला पाहिजे. पलीकडील सेन्सरचा दाब बहुतेक स्थिर राहतो; तो हलत नाहीं म्हणून त्यास दोष देऊं नये. कित्येक नव्या गाड्यांत निराळ्या जातीचा सेन्सर असतो व त्यास हे आंकडे लागू पडत नाहींत, म्हणून गाडीचें पुस्तक जवळ असावें.

नाक गेलें असें ठरलें तर गाडी सपाट जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा व जमिनीवर राहणाऱ्या चाकांस उटी लावावी. जॅकनें उचललेली गाडी लोखंडी स्टँडवर टेकविल्यावांचून तिच्याखालीं कोणीही, अगदीं क्षणभरही, जाऊं नये. बंद शेडमध्यें एंजिन चालवूं नये. वर सांगितलेला विषारी वायु वासावरून कळत नाहीं. नळी कोमट असतांना आटे लवकर सुटतात, पण तापलेली नळी हात भाजते, हातमोजे घालावे. बॅटरीची ऋण तार काढावी, आट्यांवर गंज सोडविणारें तेल टाकून कांहीं वेळ थांबावें, कपलर सोडवावा, आणि तारेसाठीं चीर ठेवलेला २२ मिलिमीटरचा पाना लावावा. न हलल्यास किंचित् घट्ट करून मग सैल करावें. जोर करून आटे उपटले तर मॅनिफोल्डच वाया जाण्याची भीति; तेथें घरचें काम थांबवून गाडी कसबी माणसाकडे न्यावी. शिरोलींत आटे नव्यानें पाडणाऱ्या हातांची उणीव नाहीं.

नवा सेन्सर खालीं पडूं देऊं नये, आंतील टोपण तडकतें. त्याच्या आट्यांवर कारखान्यानेंच लेप दिलेला असल्यास दुसरें कांहीं लावूं नये, व टोंकास तेलाचा हात लागूं देऊं नये. प्रथम हातानेंच फिरवून आटे सरळ धरले आहेत असें पाहावें. मग पुस्तकांत दिलेल्या मापानें, बहुधा ३५ ते ४५ न्यूटन-मीटर, घट्ट करावें. तार तापल्या नळीपासून दूर बांधावी. ती तोडून डाख देऊं नये, कारण पुष्कळ सेन्सरांत आंतील स्वच्छ हवा तारेच्या पेडांमधूनच येते.

काढलेला जुना सेन्सर लागलाच फेंकूं नये. त्याचें टोंक काळ्या काजळीनें माखलें असेल तर पेट्रोल अधिक जात होतें. पांढरा खडूसारखा थर असेल तर गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉनचा धूर अगर कूलंटचें पाणी आंत शिरत असावें, आणि तें थांबविलें नाहीं तर नव्या सेन्सरचीही तीच गत होईल. टोंक फिकट तपकिरी व कोरडें असेल तर तें बहुधा वय होऊनच गेलें.