ज्योत, काजळ आणि झाशीच्या पोथ्या

काव्यात ज्योत व काजळ ही विरोधी प्रतीके मानली जातात. रसायनदृष्ट्या मात्र दोन्हींचे मूळ एकच आहे. वातीतून चढलेले तेल उष्णतेने वायुरूप होते व त्याच्या विघटनातून कार्बनाचे सूक्ष्म कण निर्माण होतात. तप्त झालेले हे कण पिवळा प्रकाश देतात आणि ज्योतीच्या बाह्य कडेस प्राणवायूशी संयोग पावून जळून जातात. थंड धातूचे पात्र आड आल्यास तेच कण काजळ म्हणून साचतात. डिंकात घोटलेल्या अशा काजळाची शाई पोथ्यांसाठी वापरली जात असे. हवा व प्रकाश यांनी कार्बन सहसा बदलत नसल्याने ती फिकी पडत नाही. १८५८ मधील झाशीच्या लुटीत तेथील पुस्तकालय उद्ध्वस्त झाल्याचे विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये नोंदविले आहे. शाईचा टिकाऊपणा पोथीच्या रक्षणास पुरेसा नव्हता.