इंद्रायणीकाठच्या तसबिरी

आळंदीत देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दुकानांत एक तसबीर हमखास दिसते. भिंतीवर बसलेली ज्ञानेश्वरांसह चार भावंडं आणि समोरून वाघावर बसून, सापाचा चाबूक उगारत येणारे चांगदेव. वारकरी ती हात जोडूनच घेतो. मला मात्र या तसबिरींच्या रंगांचाही तेवढाच जिव्हाळा आहे. त्यांच्यामागे दीडशे वर्षांच्या आसपासची कारागिरी आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली. रामपंचायतन, नाना फडणवीस अशी शिळाछापाची चित्रं तिथून घरोघर गेली. ठसठशीत रेषा आणि सपाट, धीट रंग ही त्यांची ओळख.

मग १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना उभारला. शहरात प्लेग पसरल्यावर तो लोणावळ्याअलीकडे, कार्ल्याजवळच्या मळवलीला हलला. या भागातून वाहणारी इंद्रायणीच पुढे देहूवरून आळंदीला येते, आणि हा योग मला फार मोलाचा वाटतो.

इथलं काम जरा जवळून बघावं. दगड जर्मनीतल्या बव्हेरियाचा, चुनखडीचा, घासून गुळगुळीत केलेला. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं आणि दगड पाण्याने ओला करायचा. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट जागीच धरते. दर रंगाला दगड निराळा आणि तोच कागद पुन्हा पुन्हा छापाखाली. जुळणीच्या खुणा केसभर हलल्या तरी ओठांचा लाल हनुवटीवर उतरायचा. कातडीचा रंग एका शाईने यायचा नाही. पिवळ्यावर गुलाबी, त्यावर तपकिरी, असे हाताने टिपलेले ठिपके एकावर एक बसले की गालाला उजाळा यायचा. भिंगातून पाहिलं तर हे ठिपके कुठे दाट, कुठे विरळ दिसतात. सावलीही अशीच रंगांच्या थरांतून यायची, त्यामुळे अंधारातही पदराचा रंग ओळखू येतो. शेवटी वॉर्निशचा हात देऊन तैलचित्राची चकाकी आणायची.

छापखाना पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि १९७२ मध्ये आगीत सापडला. तोवर कॅलेंडरांचं युग आलं होतं. रघुवीर मुळगावकरांनी फवाऱ्याने रंग देऊन देवांच्या चेहऱ्यांना जो मऊपणा दिला, तो मला या सगळ्या प्रवासातला दुसरा मोठा टप्पा वाटतो.

मग ऑफसेट छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाया उरल्या आणि ठिपके रांगेत आले. त्यात दोष काही नाही. नुकसान झालं ते छापलेल्या चित्राचाच फोटो काढून पुन्हा छापण्याने. दर खेपेला सावली काळी होत गेली, गाल भडक झाले आणि ज्ञानेश्वरांच्या चेहऱ्यावरची कोवळीक हरवली.

घरातली जुनी, विटलेली तसबीर इंद्रायणीत सोडायची आपल्याकडे रीत आहे. सोडण्याआधी ती चौकटीतून काढून खालची कड जरूर पाहावी. तिथे बारीक अक्षरांत ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ असं छापलेलं आढळलं, तर तिला पाणी लागू देऊ नये.