ढेकणांमुळे रोग पसरत नाही. चुकीचा उपाय मात्र जिवावर बेतू शकतो

सकाळी जाग आल्यावर हात, मान किंवा पाठीवर ओळीने उठलेल्या लाल गांधी, चादरीवर रक्ताचे बारीक डाग आणि गादीच्या शिवणीत काळसर ठिपके अशी लक्षणे एकत्र दिसल्यास घरात ढेकूण शिरल्याची दाट शक्यता असते. डासांप्रमाणे ढेकूणही माणसाच्या रक्तावर जगतात. मात्र त्यांच्यामुळे माणसाला एखाद्या रोगाची लागण होते, हे आजवर सिद्ध झालेले नाही. एचआयव्ही किंवा ‘हिपॅटायटिस बी’ त्यांच्या चाव्यातून पसरत असल्याचाही पुरावा नाही. तरीही हा उपद्रव किरकोळ मानता येत नाही. त्यामुळे झोप आणि मनःस्वास्थ्य बिघडते. शिवाय, त्यांच्या नायनाटासाठी घाईघाईने वापरलेली विषारी रसायने प्रसंगी प्राणघातक ठरतात.

रक्तावर वाढणारा कीटक

माणसाला उपद्रव देणाऱ्या ढेकणांच्या प्रमुख जाती दोन आहेत. सायमेक्स लेक्टुलेरियस ही मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशात, तर सायमेक्स हेमिप्टेरस ही भारतासारख्या उष्ण प्रदेशात अधिक आढळते. पूर्ण वाढ झालेला ढेकूण साधारण ५ ते ७ मिलिमीटर लांब, चपटा आणि तांबूस तपकिरी असतो. त्याला उडता येत नाही. दिवसा तो गादीच्या शिवणी, खाटेचे सांधे, भिंतीच्या भेगा आणि लाकडी सामानाच्या फटींत दडून राहतो. रात्री श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि शरीराची ऊब यांच्या मागावर तो बाहेर पडतो.

अंड्यातून निघालेले पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी त्यापूर्वी त्याला रक्त प्यावे लागते. पोसलेला ढेकूण अन्नाविना कित्येक महिने तग धरू शकतो. त्यामुळे खोली काही आठवडे बंद ठेवून ते मरत नाहीत.

शरीर आणि मनावरील परिणाम

चावताना ढेकूण जी लाळ सोडतो, तिच्यामुळे रक्त गोठत नाही. या लाळेला शरीर जो प्रतिसाद देते, त्यातून गांधी उठतात आणि खाज सुटते. हा प्रतिसाद प्रत्येकाचा वेगळा असतो. त्यामुळे एकाच अंथरुणावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर गांधी उठतात, तर दुसऱ्याला काहीच जाणवत नाही. खाजवून त्वचा सोलवटल्यास तेथे जंतुसंसर्ग होऊ शकतो. क्वचित तीव्र ॲलर्जीही उद्भवते.

याहून खोल परिणाम मनावर होतो. रात्र झाली की अंथरुणाची धास्ती वाटू लागते, झोप उडते आणि कामावरील लक्ष कमी होते. त्यात लोकलज्जेची भर पडते. ढेकूण म्हणजे घरातील अस्वच्छता, या समजुतीमुळे कुटुंबे ही गोष्ट शेजाऱ्यांपासून लपवतात आणि तोवर ढेकूण शेजारच्या घरांत पोहोचतात. वास्तविक ढेकणांना कचरा नव्हे, तर रक्त हवे असते. प्रवासाच्या बॅगा, वसतिगृहातील गाद्या आणि वापरलेले फर्निचर यांतून ते कोणत्याही घरात येऊ शकतात. २०२३ मध्ये पॅरिससारख्या शहरातही ढेकणांच्या तक्रारींनी खळबळ उडाली होती.

फवारणी निष्प्रभ का ठरते?

स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुणधर्म शोधला. त्यानंतर ढेकूण कायमचे हटतील अशी आशा निर्माण झाली होती. परंतु १९४७ मध्येच हवाई बेटांवरील पर्ल हार्बरच्या बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले. आज घरगुती फवाऱ्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड गटातील रसायनांनाही अनेक ठिकाणचे ढेकूण जुमानत नाहीत. धूर करणारी औषधे तर फटींच्या आतपर्यंत पोहोचतच नाहीत.

विषारी गोळ्यांचा धोका

फवारणी निरुपयोगी ठरल्यावर काही जण धान्यसाठ्यासाठी असलेल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ठेवतात. हवेतील ओलाव्यामुळे या गोळ्यांतून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू बाहेर पडतो. तो भिंतीच्या भेगांतून शेजारच्या घरातही शिरतो. उलट्या, पोटदुखी आणि श्वास लागणे ही त्याची लक्षणे असून, ती अन्नातील विषबाधेची समजली जाण्याचा धोका असतो. या विषावर कोणताही खास उतारा उपलब्ध नाही. ढेकणांसाठी ठेवलेल्या अशा गोळ्यांमुळे देशात मृत्यू ओढवले आहेत. या रसायनाच्या वापरावर भारतात कायदेशीर निर्बंध असून, घरात त्याचा वापर कदापि करू नये. रॉकेल शिंपडल्यानेही आगीचा धोका संभवतो.

काय करावे?

उष्णता हा अधिक भरवशाचा उपाय आहे. सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमानात ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. त्यासाठी चादरी, अभ्रे आणि कपडे ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवावेत. सांधे व शिवणींवर गरम वाफ सोडावी. खाट भिंतीपासून दूर ठेवावी, भेगा बुजवाव्यात आणि गादीला पूर्ण बंद होणारे आवरण घालावे. गादी केवळ उन्हात टाकल्यास ढेकूण आतल्या थंड भागात सरकतात.

उपद्रव मोठा असल्यास परवानाधारक कीटकनियंत्रकाला बोलवावे आणि तो कोणते रसायन वापरणार आहे, हे आधी विचारून घ्यावे. इमारतीत एकाच घरात उपाय करून भागत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांनाही वेळीच कळवावे.