नकाशावरची ती आडवी रेघ येते कुठून?

आजचा विषय वेब नकाशे बनवणाऱ्यांचा आहे, पण कोडिंग येत नसेल तरी ऐका, समजेल.

भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषा आठवतात ना? सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याचा नकाशा उघडा. सपाट सड्यावर त्या लांब लांब, उतारावर दाटीवाटीनं. सगळं ओके. आता तोच नकाशा फिजीतल्या तावेउनी बेटावर न्या. तिथे रेषा मध्येच तुटते, नाहीतर डोंगरावरून निघून अख्ख्या जगावर आडवी पसरते.

असं का? मिरजोळं साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर, तर तावेउनीवरून थेट १८० अंशाचं रेखावृत्त जातं. पूर्वेकडे चालताना तिथे रेखांश १७९.९९ वरून एकदम उणे १७९.९८ होतो. जमिनीवर हे अंतर जेमतेम तीन किलोमीटर. कॉम्प्युटर मात्र वजाबाकी करून म्हणतो, ३५९.९७ अंश! आणि तेवढी लांब रेघ ओढतो.

२००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. न्यूझीलंडच्या लिटलटनहून फॉकलंड बेटांकडे जाताना त्यांनी हेच रेखावृत्त ओलांडलं. बोट सरळ पुढे गेली. पण तो मार्ग नुसते बिंदू जोडून काढला, तर रेघ उलटी फिरून हिंदी महासागर आणि अटलांटिक पार करेल.

आता उपाय. आधी बघा, तुमची रेषा लांब पसरतेय की तुटतेय? दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

पसरत असेल, तर लागोपाठच्या दोन बिंदूंच्या रेखांशांतला फरक तपासा. तो १८० पेक्षा जास्त असेल तर ३६० मिळवा किंवा वजा करा. उणे १७९.९८ चा होतो १८०.०२. मॅपलिब्रे, लीफलेट असे आकडे चालवून घेतात. पण फाइल दुसऱ्याला द्यायची असेल, तर रेषा १८० वर कापून दोन तुकडे करा. जिओजेसनचं २०१६ चं मानक हेच सुचवतं. आपल्या उदाहरणात एकूण अंतर ०.०३, त्यातलं १८० पर्यंतचं ०.०१. म्हणजे काप एक तृतीयांशावर, आणि अक्षांशही त्याच प्रमाणात. पहिला तुकडा १८० वर संपतो, दुसरा उणे १८० पासून सुरू होतो.

तुटत असेल, तर गडबड टाइल्समध्ये असू शकते. उंचीच्या टाइलवरून रेषा काढताना कडेला शेजारच्या टाइलचे पिक्सेल लागतात. झूम ३ ला आठ रकाने, ० ते ७. सातव्याच्या उजवीकडे आठवा मागितला तर मिळणारच नाही. तिथे आठाने भागून बाकी घ्या: ८ चा होतो ०. डावीकडेही तसंच, ० च्या आधी ७. वर-खाली मात्र असं करायचं नाही. उत्तर ध्रुवाच्या पलीकडे दक्षिण ध्रुव नसतो!

फिजीतला कुणी तुमचं ॲप उघडतो, तेव्हा त्याच्या घरामागचा डोंगर त्याला पूर्ण दिसायला हवा. त्यामुळे टेस्टच्या यादीत आपल्या गावासोबत तावेउनी कायम ठेवा.

तुमच्या नकाशावर अशी रेघ दिसली तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!