ठोका चुकतो म्हणजे काय?

‘काळजाचा ठोका चुकला’ हा वाक्प्रचार आपण शाळेपासून वापरत आलो आहोत. परंतु काही माणसांना खरोखरच ठोका चुकल्यासारखे वाटते, आणि तेही दिवसातून अनेकदा. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही हा विषय समजून घेणे मला भाग पडले, कारण दवाखान्याचे इंग्रजी कागद वाचणारा आमच्या घरात मी एकटाच आहे.

प्रथम हृदयाची नेहमीची चाल पाहू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा सूक्ष्म संदेश सोडतो व त्या तालावर हृदय आकुंचन पावते. दिवसाकाठी हे ठोके सुमारे १ लाख भरतात. कधी कधी मात्र दुसऱ्याच एखाद्या जागेवरून वेळेआधी संदेश सुटतो. हाच अकाली ठोका. तोवर हृदयात पुरेसे रक्त भरलेले नसते, म्हणून तो दुबळा पडतो. मग क्षणभर विसावा होतो, त्या अवधीत रक्त अधिक भरते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला जाणवतो तो हा विसावा आणि नंतरचा दणका. म्हणजे ठोका चुकलेला नसून लवकर आलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या आईला हा त्रास सुरू झाला. ‘छातीत मासोळी उलटल्यागत होतं,’ असे ती म्हणे. शेजाऱ्यांच्या रक्तदाबाच्या यंत्रावर नाडी ३८ दिसली आणि घरात रडारड झाली. तालुक्याच्या रुग्णालयात हृदयाचा आलेख काढला, तेव्हा ठोके ७६ निघाले! प्रत्येक दुसरा ठोका अकाली होता आणि त्याचा जोर मनगटापर्यंत पोहोचतच नव्हता. त्यामुळे यंत्राने निम्मेच ठोके मोजले होते.

साधा आलेख काही सेकंदांचाच असतो. दिवसभराचा हिशेब हवा असेल तर ‘हॉल्टर’ लावतात. नॉर्मन हॉल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाचे पहिले यंत्र पाठीवर वाहावे लागे व त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. आजचे यंत्र तळहातावर मावते आणि २४ तास वा अधिक काळ प्रत्येक ठोका नोंदवते. त्यातून अकाली ठोक्यांचे प्रमाण कळते. ते १० टक्क्यांहून अधिक, म्हणजे दिवसाला अंदाजे १० हजारांवर गेले, तर कालांतराने हृदयाचा स्नायू दुबळा होण्याचा संभव असतो. म्हणून ‘इको’ तपासणी अधूनमधून करावी लागते. आईचे प्रमाण ६ टक्के आले व इको निर्दोष निघाला. रक्त मात्र कमी होते. डॉक्टरांनी त्यावर गोळ्या दिल्या, मिश्री बंद करायला सांगितली, चहा कमी करून वेळेवर झोपायला सांगितले.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. त्रास केव्हा झाला, किती वेळ टिकला, त्याआधी आई काय करीत होती, हे त्यात लिहितो. नाडी बोटांनी पूर्ण १ मिनिट मोजतो. जागरणानंतर त्रास वाढतो, हे या वहीमुळेच ध्यानात आले. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी ती पाने लक्षपूर्वक वाचली.

निरोगी माणसालाही असे ठोके पडतात, परीक्षेच्या जागरणात तर विशेष. त्यांनी घाबरून जाऊ नये. परंतु शुद्ध हरपली, छातीत दुखले, धाप लागली, किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर मोजत बसू नये. तडक डॉक्टरांकडे जावे.